तारीख, गाव, पाखरू

आष्ट्याला पाखरं बघायला कुणी येत नाही. पक्ष्यांसाठी माणसं उजनीच्या पाण्यावर भिगवणला जातात, मायणीच्या तलावावर जातात, चांदोलीच्या जंगलात जातात. पेठ–सांगली रस्त्यावर आष्ट्याला उतरणारा माणूस उसाच्या, हळदीच्या, नाहीतर सोयरिकीच्या कामानं आलेला असतो. गावाच्या एका अंगाला कृष्णा, दुसऱ्या अंगाला वारणा. दोघी खाली सांगलीजवळ हरिपूरला भेटतात. तोवर मधल्या काळ्या रानात नजर जाईल तिथं ऊस. गळ्यात दुर्बीण अडकवून बांधावरून जाणाऱ्याला इथं पहिला प्रश्न येतो, "काय, सर्व्हेवाले काय? रस्ता कुणाच्या रानातनं काढताय?" पाखरं बघतोय म्हटलं की समोरच्याचा जीव भांड्यात पडतो आणि लगेच दुसरी शंका येते: धडधाकट माणसाला एवढा रिकामा वेळ कसा?

तर या लेखात दुर्मीळ पक्षी नाहीत. आहेत ते आष्टा, बागणी, शिगाव, तुंग, अंकलखोप या टापूत कुणालाही दिसतील असे. त्यांचे फोटो मी काढतो, इतरही काढतात. त्या फोटोंचं करायचं काय, एवढाच माझा विषय आहे.

आधी उसाबद्दल. आडसाली लागण जुलै-ऑगस्टात झाली की फड पुढच्या हिवाळ्यापर्यंत, कधी दीड वर्षसुद्धा, उभा असतो. एवढा काळ जागचं न हलणारं दाट हिरवं रान मिळालं की पाखरं त्याला शेत म्हणून ओळखत नाहीत, घर म्हणून वापरतात. राखी वटवट्या सरीच्या तोंडाशी शेपटी उडवत चिवचिवत असतो. जेमतेम मुठीएवढा जीव, पण आवाज फडाच्या मालकासारखा. ठिपकेदार मुनियांचे थवे गवताच्या बियांवर उतरतात. भारद्वाज बांधावरून चालत चालत फडात शिरतो आणि आतून त्याचं घुमणं ऐकू येतं. विहिरीवर झुकलेल्या बाभळीला सुगरणींची घरटी लटकतात. नर सुगरण उसाच्या पात्याला कडेला चोच मारून खाच पाडतो, टोक धरून उडतो, आणि लांब धागा सोलून नेतो. पाऊस लागल्यावर अर्धा तास पाणंदीत उभं राहिलं तर हे कुणालाही बघायला मिळतं.

सुगरणीचं पुढचं गणित सलीम अलींनी १९३० मध्ये अलिबागजवळच्या किहीमला उलगडलं. नर घरटं अर्धंच विणतो. मादी येऊन आत-बाहेर तपासते. पसंत पडलं तर नर ते पुरं करतो, मादी अंडी घालते, आणि हा गडी शेजारी दुसरं घरटं विणायला घेतो, दुसऱ्या मादीसाठी. हे काम सलीम अलींनी केलं तेव्हा ते बेकार होते. बर्लिनला शिकून आले होते, पण मुंबईच्या संग्रहालयातली जागा पैशांअभावी राहिली नव्हती. हाताशी होती किहीमची सुगरणींची वसाहत आणि भरपूर वेळ. भारतातल्या पक्ष्यांवरचं हे नामांकित काम एका नोकरी नसलेल्या माणसानं घराजवळच्या झाडाकडे रोज बघून केलं. आष्ट्याच्या पाणंदीत मला रिकामटेकडा म्हणणाऱ्यांना मी हे सांगत नाही, पण मनात असतं.

ऑक्टोबर-नोव्हेंबरात गळीत हंगाम लागतो. तोडकऱ्यांच्या टोळ्या येतात, बैलगाड्या आणि ट्रॅक्टर रस्त्यावर दिसू लागतात, आणि फड एकेक करून उघडे पडतात. तोडणी शेवटच्या सऱ्यांवर आली की आत दडलेलं सगळं बाहेर येतं: ससा, मुंगूस, रानमांजर, भुर्रकन उडणारे लावे. मोकळ्या झालेल्या रानात पलटी नांगर चालला की गायबगळ्यांची रांग ट्रॅक्टरमागं उड्या मारत चालते, आणि धोबी, साळुंख्या, कावळे त्यांच्या आगेमागे. कुठं पाचट पेटवतात. मग धुराच्या कडेला कोतवाल आणि घारी जमतात. पळणारे किडे-उंदीर त्यांना आयते मिळतात. ज्वाळेसमोर झेपावणाऱ्या घारीचा फोटो फार देखणा येतो. त्यासाठी पाचट पेटवण्याची वाट बघत बसणारी पोरं मी पाहिली आहेत. पाचट कुजवून रानात गाडावं असं कृषी खातं वर्षानुवर्षं सांगतंय, पण कुजणाऱ्या पाचटाचा फोटो कोण काढणार?

आता कॅमेऱ्याकडे येतो. रोलच्या काळात छत्तीस फोटोंत लग्न, बारसं आणि सहल उरकायची असे. पाखरावर रोल खर्च करणारा घरात बोलणी खाई. डिजिटल कॅमेरा आल्यावर हा हिशोब संपला. आता लांब झूमचे कॅमेरे गावोगाव आहेत आणि आमच्या भागातली काही तरुण मंडळी खरोखर उत्तम फोटो काढतात. चोचीत मासा धरलेला खंड्या, डोळ्यातली चमक टिपलेली, मागची हिरवळ लोण्यासारखी विरघळलेली. मी विचारतो, "कुठला रे हा?"

"नदीचा, सर."

"नदीला कुठं? कधी काढलास?"

"अंकलखोपकडं असंल. गेल्या थंडीत… का त्याच्या आदल्या?"

खंड्या सुंदर, पण साक्षीला उभा केला तर पहिल्याच प्रश्नाला पडला. खरं तर कॅमेरा प्रत्येक फोटोच्या पोटात तारीख-वेळ आपणहून लिहून ठेवतो. तोच फोटो व्हॉट्सअॅपवरून फिरला की ती माहिती गळून पडते आणि उरतं नुसतं चित्र. म्हणून मी पोरांच्या मागं लागतो: मूळ फाइल जपून ठेवा, आणि वहीत तीन गोष्टी लिहा. तारीख, गाव, पाखरू. चौथी सुचली तर पाखरू काय करत होतं ते. ती हसतात. लाइक फोटोला मिळतात, वहीला कोण देणार?

वहीचं वजन काय असतं ते महाराष्ट्रातल्याच एका घुबडानं दाखवून दिलंय. रानपिंगळा हा छोटा पिंगळा शतकाहून जास्त काळ कुणाला सापडत नव्हता. संग्रहालयांत त्याची मोजकी कातडी होती. त्यातल्या एका कातड्यावर रिचर्ड माइनर्टझहागेन या इंग्रज लष्करी अधिकाऱ्यानं चिठ्ठी लावली होती: गुजरातेतलं मांडवी, १९१४. शोधणारे त्या चिठ्ठीच्या भरवशावर जात आणि हात हलवत परत येत. अमेरिकी संशोधक पामेला रासमुसेन यांनी कातडं तपासलं तेव्हा कळलं की ते चोरीचं होतं. माइनर्टझहागेननं दुसऱ्याचा नमुना उचलला, नव्यानं भरला आणि खोटी तारीख, खोटं गाव लिहून आपल्या नावावर चढवला. मूळ नमुना जेम्स डेव्हिडसनचा. हा खानदेशात सरकारी चाकरीत होता आणि पक्ष्यांचा नाद हौशीनं करायचा. त्याच्या १८८४ पर्यंतच्या चिठ्ठ्या खऱ्या होत्या. रासमुसेन, बेन किंग आणि डेव्हिड अॅबट यांनी खोटी चिठ्ठी बाजूला टाकली, जुन्या खऱ्या चिठ्ठ्यांचा माग काढला, आणि नोव्हेंबर १९९७ मध्ये आताच्या नंदुरबार जिल्ह्यातल्या शहाद्याजवळ भर उजेडात निष्पर्ण झाडावर बसलेला रानपिंगळा पाहिला. एकशे तेरा वर्षांनी! डेव्हिडसननं 'खानदेशात कुठंतरी' असं लिहून ठेवलं असतं, तर?

आमच्या दख्खनच्या पठारावरही अशी टिपणं झाली आहेत. कर्नल विल्यम साइक्सनं १८३२ मध्ये दख्खनच्या पक्ष्यांची यादी लंडनला छापली. उघड्या, दगडगोट्यांच्या माळावर राहणारा साइक्सचा चंडोल आजही त्याचं नाव सांगतो. १८८१ मध्ये बटलर नावाच्या अधिकाऱ्यानं मुंबई इलाख्याच्या दक्षिण भागाची यादी केली. ती ज्या नियतकालिकात आली त्याचा संपादक अॅलन ऑक्टेव्हियन ह्यूम. शाळेच्या पुस्तकात आपल्याला भेटतो तो काँग्रेसचा ह्यूम, तोच हा. त्याची पक्ष्यांवरची अनेक वर्षांची टिपणं सिमल्याच्या घरातून चोरीला जाऊन रद्दीत विकली गेली. त्यानं हाय खाल्ली, आपला सगळा संग्रह ब्रिटिश म्युझियमला देऊन टाकला आणि देशाच्या राजकारणात पडला. काँग्रेसच्या जन्मात रद्दीवाल्याचा वाटा किती, हे इतिहासकारांनी ठरवावं.

जुन्या याद्या वाचताना एक गोष्ट लक्षात येते. त्या माणसांनी पाहिलेलं दख्खन मुख्यतः कोरडं, गवताळ, उघडं होतं. सांगली जिल्ह्याचा पूर्वभाग, जत-आटपाडीकडचा, अजून बराचसा तसा आहे. व्यंकटेश माडगूळकरांचं माडगूळ तिकडचंच. बंदुकीची हौस असलेला हा लेखक पुढं वही-पेन्सिल घेऊन पाखरांची, जनावरांची चित्रं काढत रानोमाळ हिंडला. त्यांचा तो माळ आता टेंभू आणि म्हैसाळ योजनांच्या पाण्यानं ठिकठिकाणी हिरवा झालाय, डाळिंब-द्राक्षाखाली गेलाय. दुष्काळात टँकरची वाट बघणाऱ्या माणसाला पाणी मिळालं यात तक्रार करण्यासारखं काहीच नाही. धाविक, माळटिटवी, चंडोल यांची मात्र जागा गेली, हेही तेवढंच खरं. दोन्ही एका कागदावर लिहून ठेवणारं कुणी हवं.

गेल्या काही वर्षांत हा कागद मोठा झालाय. ई-बर्डसारख्या संकेतस्थळावर आता कुणीही आपली यादी नोंदवू शकतं. अट साधी आहे: किती वाजता निघालात, किती चाललात, आणि ओळखू आलेले सगळे पक्षी किती होते, हे लिहायचं. 'सगळे' हा शब्द महत्त्वाचा. चिमणी, कावळा, कबुतर गाळायचं नाही. यादी पुरी असली की तिच्यात नसलेलं पाखरूही बोलतं. अमुक ठिकाणी अमुक तासात नीलपंख दिसला नाही, ही नोंद होते. अशा हजारो हौशी याद्यांवर २०२३ मध्ये भारतीय पक्ष्यांचा देशपातळीवरचा अहवाल आला. तीस हजारांवर पक्षीनिरीक्षक, तीन कोटी नोंदी, ९४२ जाती. ज्या ३३८ जातींचा लांब पल्ल्याचा कल काढता आला, त्यांतल्या २०४ घटल्या आणि वाढल्या फक्त ३६. गवताळ माळावरचे पक्षी, शिकारी पक्षी, स्थलांतर करणारे चिखलपक्षी आणि बदकं यांची घट ठळक. मोर, कोकिळा आणि आमचा उसातला राखी वटवट्या मजेत. दसऱ्याला ज्याचं दर्शन शुभ मानतात तो नीलपंख पूर्वी तारेवर सहज दिसायचा. घटणाऱ्यांच्या यादीत आता त्याचंही नाव आहे. ही घट कुणा एका शास्त्रज्ञाला एका हंगामात दिसली नसती.

पण मला या सगळ्यात खरी गोडी वाटते ती क्षारपडीची.

काळी माती पाणी सोडत नाही. नदीवरून उपसा योजना आल्या, बारमाही पाट सुटला, उसाला पाणी जितकं जास्त तितकं चांगलं असा समज पसरला. निचऱ्याची सोय कुणी केली नाही. जमिनीखालचं पाणी वर चढलं, त्याच्याबरोबर क्षार चढले; पाणी उन्हानं उडालं आणि वर पांढरी पापडी राहिली. आधी उसाचं टनेज घटलं, मग उगवण विरळ झाली, शेवटी रानात पीकच येईना. कृष्णा-वारणाकाठच्या वाळवा, मिरज, पलूस, शिरोळ या तालुक्यांत अशी रानं गावोगाव आहेत. कसबे डिग्रजच्या कृषी संशोधन केंद्रात याच दुखण्यावर काम चालतं. आष्ट्याच्या आसपासही रस्त्यावरून जाताना उसाच्या मधेच पाणकणसाचं आणि लव्हाळ्याचं बेट दिसतं. ते एखाद्या कुटुंबाचं बुडालेलं उत्पन्न असतं.

आणि तिथंच पाखरांची गर्दी असते. लांब गुलाबी पायांचे शेकाटे उथळ पाण्यात फिरतात. पाणकणसातून जांभळी पाणकोंबडी लाल कपाळ मिरवत बाहेर येते. हिवाळ्यात तुतारी येतात, पाणलावा आपलं पाऊल अगदी जवळ पडल्यावर दचकून वाकडातिकडा उडतो, दलदली भोवत्या कणसांच्या शेंड्यावरून संथ घिरट्या घालतो. हळदी-कुंकू बदकाची जोडी तर बारमाही. काळ्या चोचीचं टोक हळदीच्या रंगाचं आणि मुळाशी दोन कुंकवाचे ठिपके. हळदीच्या बाजारपेठेच्या जिल्ह्यात दुसरं कुठलं बदक शोभलं असतं?

बाहेरून आलेला पक्षीप्रेमी हे बघून हरखतो. 'ही पाणथळ जपली पाहिजे,' असं म्हणतो. मला तसं म्हणवत नाही. ज्याच्या सातबाऱ्यावर ती दलदल आहे, त्याच्या पोरीचं लग्न त्या रानावर ठरलेलं असतं. दुसरीकडे, गावाची जुनी तळी, ओढ्याच्या कडेची गवतं, नदीची मळी हे सगळं माणसानंच आवळून घेतलंय. पाखरं मग जिथं पाणी साचेल तिथं येणार. त्यांना गाव नकाशा कळत नाही. मी करू शकतो ते एवढंच, की एकाच तुकड्याचे, एकाच बांधावरून, ऋतूमागून ऋतू फोटो काढायचे. त्यात पाखराचा डोळा चमकत नाही. पाणी कुठवर होतं, कणीस कुठवर चढलं, कोण आलं, कोण आलं नाही, एवढं दिसतं. स्पर्धेला पाठवण्याजोगा त्यात एकही नाही.

नदीवरही तसंच करतो, पण नदी फार लहरी. अंकलखोप-औदुंबरकडे हिवाळ्यात भगव्या रंगाच्या चक्रवाकांच्या जोड्या पाण्याकडेला बसलेल्या असतात. संक्रांतीला औदुंबरला सदानंद साहित्य मंडळाचं संमेलन भरतं. कविसंमेलन मंडपात आणि चक्रवाक पलीकडच्या काठाला, दोघांना एकमेकांची खबर नसते. उन्हाळ्यात पाणी उतरून वाळूची बेटं उघडी पडली तर नदी सुरय आणि छोट्या पाणभिंगऱ्या उघड्या वाळूतच अंडी घालतात. बेटं उरतात कुठं? वाळू उपसून नेलेली असते, किंवा वरून कोयनेचं पाणी सोडल्यावर पातळी चढते. नदी सुरय २०२० पासून जागतिक यादीत संकटग्रस्तांमध्ये आहे. कृष्णेतल्या मगरींचे फोटो वर्तमानपत्रांत पहिल्या पानावर येतात, सुरयाचा मी अजून पाहिलेला नाही. माणसाला खाऊ शकेल असं जनावरच बातमी होतं. २०१९ च्या महापुरात सांगलीच्या आयर्विन पुलापाशी पाणी ५७ फुटांवर गेलं, तेव्हा काठची सुगरणींची झाडंही गेली. पुढच्या पावसाळ्यात घरटी काठापासून आत, विहिरींवरच्या बाभळींकडे जास्त दिसली. हे पुरामुळंच झालं असं मी छातीठोक सांगणार नाही. आधीचे आणि नंतरचे फोटो तारखेसकट आहेत. शहाण्यानं बघून ठरवावं.

सागरेश्वर आणि मायणीबद्दल पुष्कळ लिहिलं गेलंय, म्हणून थोडक्यात. सागरेश्वर हे लावून वाढवलेलं अभयारण्य, धों. म. मोहिते यांच्या ध्यासातून उघड्या डोंगरावर झाडी उभी राहिली आणि १९८५ मध्ये त्याला अभयारण्याचा दर्जा मिळाला. आष्ट्याहून सकाळी निघून दुपारच्या जेवणाला परत येता येतं. मायणीला रोहित येतील का, हा सातारा जिल्ह्यातला दरवर्षीचा प्रश्न. सोलापूरकडे नान्नजच्या माळढोकांकडे १९७० च्या दशकात जगाचं लक्ष वेधलं ते बी. एस. कुलकर्णी या हौशी माणसानं. १९७९ मध्ये अभयारण्य झालं. आज माळढोक तिथं जवळपास संपलाय, त्या काळातल्या नोंदी मात्र आहेत. आमच्या सांगलीत शरद आपटे यांनी पक्ष्यांचे आवाज ध्वनिमुद्रित करण्यात कैक वर्षं घातली. आवाजाला तर चौकटही नसते, चमकणारा डोळाही नसतो. तारीख आणि गाव नसेल तर तो नुसता किलबिलाट.

आणि एक राग, तोही उरकून टाकतो. मोबाइलवर पाखराचा आवाज वाजवून त्याला फांदीवर बोलावणं, घरट्यासमोरची पानं तोडून लेन्सला वाट करणं, पिंगळ्याच्या ढोलीत टॉर्च मारणं हे प्रकार आमच्याकडेही सुरू झालेत. हद्दीत दुसरा नर घुसला असं समजून खरा नर दाणापाणी सोडून भांडायला येतो, आणि आपण म्हणतो 'काय पोज दिलीय!' घरट्याचा फोटो मी काढत नाही, काढलेला दिसला तर जागा विचारत नाही.

दिवाळीच्या आसपास, पाच ते बारा नोव्हेंबर, पक्षी सप्ताह येतो. मारुती चितमपल्ली आणि सलीम अली यांच्या वाढदिवसांमधला हा आठवडा २०२० पासून राज्यात पाळला जातो. चितमपल्ली गेल्यानंतरही तो तितक्याच आस्थेनं पाळला जावा. शाळांतून चित्रकलेच्या स्पर्धा होतात, पोरं मोर काढतात. यंदा मी एका शाळेत सांगून आलोय की मोर नको; शाळेच्या आवारातली पाखरं अर्धा तास मोजा आणि फळ्यावर लिहा. पुढच्या वर्षी त्याच तारखेला पुन्हा.

क्षारपडीच्या त्या तुकड्याचे मालक, आम्ही त्यांना आबा म्हणतो, परवा घरी आले. रानात जमिनीखाली सच्छिद्र पाइप टाकून खारं पाणी ओढ्याला काढायची योजना गावात चाललीय, त्यांना त्यात नाव घालायचंय. चहा घेऊन म्हणाले, "सर, तुम्ही मागं बदकांचे फोटू काढलेत न्हवं? तारखेचे?"

"आहेत की, आबा. का?"

"सायेब म्हणतोय रान कवापास्नं पाण्यात हाय त्याचा पुरावा आणा. तलाठ्याच्या कागदात तर ऊसच उभा हाय."

लॅपटॉप उघडून वर्षवार फोटो दाखवायला लागलो. शेकाट्यांचा थवा, पहाटेचं पिवळं ऊन, दोन हळदी-कुंकू बदकं मागं लहरी सोडत चाललेली. मला त्यातल्या त्यात आवडणारा. आबांनी चष्मा पुसून पडद्याजवळ तोंड नेलं आणि मान हलवली.

"ह्येच्यात पाखरं लई हायती. कमी पाखरं आन् जास्त पाणी असल्याला एखादा बघा."

तसे चार निघाले. प्रत्येकाखाली तारीख आणि गट नंबर छापून दिला. पाचवा मी माझ्या पसंतीचा घातला होता, तो त्यांनी मोजून परत केला. झेरॉक्सवाला पानामागं पैसे घेतो.